सरांचं "पुढे?"

गिरण्यांच्या संपात वडिलांची नोकरी गेली आणि मी गावाहून येऊन साकीनाक्याच्या कारखान्यात लागलो. मुलुंडला आमच्या चाळीत एक सर राहत. माझ्यासारख्या कामगार मुलांना ते संध्याकाळी इंग्रजी शिकवत. मी पदवीधर झालो तो त्यांच्यामुळे.

डायरेक्ट-इनडायरेक्ट हा त्यांचा आवडता धडा. "दुसऱ्याचं बोलणं सांगताना पदरचं घालायचं नाही रे, आणि गिळायचंही नाही." कुणी वाक्य अर्धं सोडलं, की फळ्यावर खडू आपटून ते एवढंच म्हणत, "पुढे?"

"अहो, खडू मोडेल!" काकू आतून हसत.

मग काकूंच्या पोटात गाठ निघाली. मी डबा घेऊन इस्पितळात गेलो, तेव्हा डॉक्टर खाटेपाशीच सरांना इंग्रजीत सांगत होते, की आता उपाय उरलेला नाही, यांना घरी न्या. काकूंना इंग्रजी येत नव्हतं. डॉक्टर गेल्यावर त्यांनी विचारलं, "काय म्हणाले हो?"

"बरी आहेस म्हणाले. घरी सोडतायत."

काकूंनी सरांचा चेहरा निरखला. मग माझ्याकडे वळल्या. "तुला येतं ना रे इंग्रजी? तू सांग, काय म्हणाले?"

सर खिडकीशी जाऊन पाठमोरे उभे राहिले.

"घरी न्या म्हणाले, काकू," मी म्हणालो आणि थांबलो.

सरांची बोटं खडू धरल्यासारखी मिटलेली होती. "पुढे?" असं त्यांनी विचारलं नाही. काकूंनीही नाही.