दत्तोबांचा आवाज आणि सोजरबाईचा पत्रा

दत्तोबा सातव यांना आवाज आहे. एखाद्याला शेती असते, एखाद्याला दुकान असतं, तसा त्यांना आवाज आहे. वाघोलीच्या अलीकडे आमच्या गावात कुस्त्यांचा फड असो, लग्न असो की मयत, सांगायचं काम त्यांचंच. मयत सांगितली की लोक आधी टॉवेल खांद्यावर टाकत आणि मग कोण गेलं ते विचारत. मी बुधवार पेठेतून इथे फ्लॅट घेऊन आलो आणि वर्तमानपत्र बंद केलं. पुन्हा सुरू करायची गरज वाटली नाही.

गाव महापालिकेच्या हद्दीत गेलं आणि दत्तोबांना सरकारी काम मिळालं. रिक्षावर भोंगा बांधायचा, त्यांचा पुतण्या विक्रम याने रिक्षा चालवायची आणि मागे बसून दत्तोबांनी पालिकेच्या कार्यालयाने दिलेला कागद वाचायचा. एका दिवसात सगळा भाग उरकायचा होता, म्हणून रिक्षा कुठे थांबवायची नाही अशी अट होती. दत्तोबांनी ती आनंदाने मान्य केली. आपला आवाज एवढा लांब जातो, तर थांबायचं कशाला, असं त्यांचं मत होतं. थोडी घमेंड होती त्यांना, खोटं कशाला बोला.

उन्हाळ्याच्या तोंडावर रस्तारुंदीचा कागद आला. यादीतली घरं आठ दिवसांत पाडण्यात येतील, हे त्यातलं पहिलं वाक्य. ज्यांची नावं यादीत नाहीत त्यांनी घाबरू नये, हे दुसरं. कागदात काहीच चूक नव्हती. चालत्या रिक्षाने मात्र त्याची गल्लीवार वाटणी केली. आमच्या सोसायटीच्या गेटवर फक्त 'घाबरू नये' एवढंच ऐकू आलं. सरकार घाबरू नका म्हणालं की काय करायचं हे आम्हाला चांगलं माहीत असल्याने संध्याकाळपर्यंत सगळी सोसायटी घाबरलेली होती.

सोजरबाईच्या गल्लीच्या वाट्याला 'घरं आठ दिवसांत पाडण्यात येतील' एवढं आलं. त्यातलं 'पाडण्यात' दत्तोबांनी पैलवान चितपट झाल्यासारखं लांबवलं होतं. सोजरबाई एकटी राहते. साठी उलटलेली, दोन खोल्यांचं घर, वर पत्रा. बुलडोझर आला की पत्र्याचा चुरा होतो, हे तिने शेजारच्या गावात पाहिलेलं होतं. तिने दोन गडी लावले, पत्रे उतरवून भिंतीला टेकवले, सामान पोत्यांत भरलं आणि नशीब नेईल तिथे जायला तयार होऊन उंबऱ्यावर बसली. तिचं नाव यादीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तीच सूचना पुन्हा फिरवायला रिक्षा त्या गल्लीत शिरली तेव्हा दत्तोबांना घराच्या जागी नुसत्या भिंती दिसल्या. आयुष्यात पहिल्यांदाच ते वाक्य अर्धं टाकून थांबले.

"काकू, पत्रा का काढला?"

"तूच सांगितलंस की."

"अवो, पुढचं ऐकायचं न्हाई का?"

"रिक्षामागं पळू व्हय रं?" सोजरबाई म्हणाली. "सायबाचा आवाज असता तर चार जणांस्नी इचारलं असतं. तुझा व्हता, म्हणून न्हाई इचारलं."

भोंगा चालूच होता, त्यामुळे दत्तोबांचा श्वास तेवढा सगळ्या गल्लीने ऐकला.

पत्रे परत चढवायला गेले, तर कार्यालयातले अभियंता सुदर्शन साहेब हजर झाले. छप्पर काढायला परवानगी लागत नाही, चढवायला लागते, असं त्यांनी शांतपणे समजावलं. उतरवलेलं छप्पर जुनं होतं, चढवलं की ते नवं बांधकाम होतं. "आपण पूर्ण सूचना ऐकायला हवी होती," असंही ते अदबीने म्हणाले. माणूस वाईट नव्हता. बराच विचार करून त्यांनी एक वाट काढली. चुकीच्या माहितीमुळे छप्पर उतरवलं गेलं असं नोंदवता आलं, तर मंजुरी मिळेल. फक्त माहिती देणाऱ्याचं नाव लागेल.

"भोंग्यानं दिली," सोजरबाई म्हणाली.

"भोंग्याचं नाव चालत नाही."

"मग ऱ्हाऊ द्या. उन्हाळा हाय, भागंल."

मला तिचा रागही आला आणि कौतुकही वाटलं. पाऊस काही मंजुरीसाठी थांबत नाही. दत्तोबा तिथेच उभे होते. ते पुढे झाले.

"माझं ल्ह्या. दत्तोबा सातव. वाचणारा मीच."

आठवड्यात पत्रे चढले आणि दत्तोबांचं काम गेलं. आता रिक्षावरून एका मुलीचा रेकॉर्ड केलेला आवाज फिरतो. उच्चार स्वच्छ, भाषा शुद्ध आणि रिक्षा पूर्वीपेक्षा जोरात. चालवतो विक्रमच, त्यालाही संसार आहे.

परवा ती मुलगी पाण्याबद्दल काहीतरी सांगत गेली. माझ्या वाट्याला 'बंद राहील' एवढं आलं. मी चौकशीला दत्तोबांकडे गेलो, तर अंगणात आधीच माणसं जमलेली. दत्तोबा चपला घालून कार्यालयात विचारायला निघाले होते. सोजरबाई कट्ट्यावर बसली होती. नवा आवाज कसा वाटतो, असं मी तिला विचारलं.

"ग्वाड हाय," ती म्हणाली. "पर तिच्या सांगण्यावर म्या एक खिळाबी काढायची न्हाई."