काकीची तक्रार आणि घोडीचा डावा पाय

बिऱ्हाड हललं की आम्हा मेंढपाळांकडे पुरुष मेंढरांमागं जातात आणि घोडी बाईच्या हातात राहते. हे कुणी ठरवलं मला माहीत नाही, पण लहानपणापासून मी असंच पाहिलं आहे. सगळा संसार घोडीच्या पाठीवर असतो. भांडी, पीठ, अंथरुणं, रात्री मेंढरांभोवती लावायची जाळी, पाय बांधलेल्या कोंबड्या, आणि वाटेत एखादं कोकरू जन्मलं तर तेही. हे रोज चढवायचं आणि रोज उतरवायचं. माझी थोरली चुलती हे काम इतक्या गुपचूप उरकते की शेजारच्या बिऱ्हाडाला जाग येईपर्यंत तिची घोडी लादून उभी असते. तिची घोडी तांबूस आहे, कपाळावर पांढरा ठिपका. काकी लग्न होऊन आली तेव्हा माहेरची एक घोडी बरोबर आली होती, तिच्याच वंशातली ही.

मी आता त्यांच्याबरोबर चालत नाही. वडूजच्या पलीकडं आमचं गाव. तिथून कॉलेजला गेलेली घरातली मी पहिलीच, आणि आता सांगलीत हॉस्टेलवर राहते. घरच्यांबद्दल लिहायला मला जरा संकोच वाटतो. उन्हातून ते चालतात आणि सावलीत बसून लिहिते मी. पण ही गोष्ट मी समोर उभी राहून पाहिली आहे, म्हणून धीर करते.

आमच्या घोड्यांना पूर्वी नाल नसायची. ओढ्याकाठची पायवाट, गाडीवाट, माळ, असं चालणं असे आणि खुराखाली माती असे. आता त्या वाटा उसात आणि द्राक्षबागांच्या कुंपणात गेल्या. उरला सिमेंटचा रस्ता. त्यावर चालून घोडीचे खूर झिजायला लागले, ती जपून पाय टाकायला लागली. म्हणून चुलत्यानं पलूसकडच्या रस्त्यावर बसणाऱ्या एका नालबंदाकडून तिला नाला मारून घेतल्या. हा नालबंद मुळात बैलांचा माणूस. दिवाळी झाली, कारखाने सुरू झाले की उसाच्या बैलगाड्यांची त्याच्यापुढं रांग लागते. बैल आडवा पाडायचा, पाय बांधायचे आणि खुरांना पत्र्या मारायच्या, हेच दिवसभर. घोडं त्याच्याकडं क्वचित येतं.

नाला मारून दोन मुक्काम झाले आणि घोडी पुढचा डावा पाय टेकेना. चुलत्याचा मला फोन आला.

"आगं, एक अर्ज लिवून आण. चांगला कडक लिव. नालबंदानं घोडी मारली म्हणून."

"मेली?" मी घाबरून विचारलं.

"मेली न्हाई. पर मारल्यागतच हाय की."

लंगडी घोडी ओझं वाहत नाही आणि ओझं न वाहणारी घोडी बिऱ्हाडाबरोबर राहू शकत नाही. तिला व्यापारी नेतो. पुढं तिचं काय होतं ते आमच्यात कुणी विचारत नाही. बिऱ्हाड आणखी पश्चिमेला सरकणार होतं, आणि त्याआधी हा पाय बरा झाला नाही तर काकीची घोडी जाणार, हे चुलत्यानं न सांगताच मला कळलं.

मी लायब्ररीत बसून अर्ज लिहिला. विषय: निष्काळजीपणाने नाल ठोकल्यामुळे घोडीस झालेल्या इजेबाबत. हे वाक्य जमलं तेव्हा मला बरं वाटलं. पण वर 'प्रति' लिहून मी अडले. तहसीलदार? पोलीस? जनावरांचे डॉक्टर? ती जागा मोकळी ठेवून मी सकाळची एसटी पकडली.

तळ एका ऊस तोडलेल्या रानात होता. काकी घोडीजवळ उकिडवी बसली होती. घोडी तो पाय पुढं काढून नुसतं टोक टेकवून उभी होती. माझ्याकडं तिनं मानही वळवली नाही. सकाळीच सरकारी दवाखान्यातले डॉक्टर येऊन इंजेक्शन देऊन गेले होते. आमच्या माणसांना त्यांचं बोलणं नीट कळलं नव्हतं, म्हणून मी त्यांना फोन लावला. एखादा खिळा खुराच्या जिवंत भागात गेला असावा, असं ते म्हणाले. आधी नाल काढा, तीही जाणत्या माणसाकडून, नाहीतर खूर फुटेल. नाल निघाल्याशिवाय नक्की काही सांगता येणार नाही, असंही म्हणाले.

मग मी अर्ज वाचून दाखवला. चुलता खूश झाला. काकीनं सगळं ऐकून घेतलं.

"ह्यो कुणाला द्यायचा?" तिनं विचारलं.

"तेच मला कळत नाही."

"ज्यानं केलं त्यालाच सांगाय पायजे की. आन् आपुन वजं घातलं ते कुठं हाय ह्यात?"

मला काहीच माहीत नव्हतं. मी चुलत्याकडं पाहिलं. तो रानाच्या बांधाकडं बघायला लागला. मग काकीकडूनच कळलं. नालबंदानं सांगितलं होतं, घोडी दोन दिवस उभी ठेवा, ओझं घालू नका, निघताना परत दाखवा. पण पुढच्या रानाच्या मालकाचा निरोप आला, खतासाठी मेंढरं उद्याच रानात बसवा म्हणून, आणि चुलत्यानं दुसऱ्याच दिवशी घोडी लादली.

"आगं ते सांगितलंस तर त्यो हात वर करून मोकळा हुईल," चुलता म्हणाला.

"हुं दे," काकी म्हणाली आणि पदर खोचून उठली.

एका दुधाच्या टेम्पोनं आम्हाला नालबंदाच्या शेडापर्यंत सोडलं. रांगेत चारपाच बैलजोड्या होत्या, एक पांढरा बैल जमिनीवर आडवा पाडलेला. नालबंद त्याच्या खुराशी वाकला होता.

"मावशे, बैल कुठाय तुझा?" रांगेतला एक तरुण गाडीवान म्हणाला.

"घोडीचं काम हाय."

"मंग हितं कशाला? वरातीवाल्याकडं जा की."

सगळे हसले. नालबंदानं मान वर न करता सांगितलं, "बाई, लायनीत या."

"माजी घोडी लायनीत याजोगी ऱ्हायली न्हाई, दादा. पाय टेकत न्हाई. तुमी नाल मारल्याली."

हातोडी थांबली. नालबंद काकीच्याच वयाचा असेल, कानावरचे केस पांढरे झालेला. "माजा खिळा असा जात न्हाई," तो म्हणाला.

माझा हात पिशवीतल्या अर्जावर होता. आता काकी आवाज चढवील, असं मला वाटलं. तिनं तसं काही केलं नाही.

"आदी आमचं सांगते," ती म्हणाली. "तुमी म्हणला हुता, दोन दिस उबी ठिवा, वजं घालू नगा, जाताना दावा. आमी दुसऱ्या दिशी वजं घातलं. दावली बी न्हाई. ही चूक आमची."

"आयकलं का रं?" नालबंद रांगेकडं वळून म्हणाला. "मंग माज्याकडं कशाला आलाय?"

"सोताच कबूल हुतीया की," तो तरुण गाडीवान म्हणाला. "लय चांगली तक्रार हाय गड्या."

पुन्हा हशा झाला. आपण हरलो, असं मला वाटलं, आणि काकीचा थोडा रागही आला. ती मात्र हसणं संपेपर्यंत थांबली.

"आमचं झालं. आता तुमचं. वज्यानं पाठ सोलंल, घोडी थकंल. खूर आतनं तापायचा न्हाई. डॉक्टर काय म्हणलं ते ह्या पोरीला म्हाईत हाय. सांग गं. जास्ती न्हाई, कमी न्हाई."

इतक्या माणसांपुढं मी कधी बोलले नव्हते. खिळा जिवंत भागात गेला असावा, हे मी सांगितलं. तिथंच थांबणार होते. पण 'कमी न्हाई' हे शब्द अजून कानात होते, म्हणून नाल काढल्याशिवाय नक्की सांगता येत नाही, हेही सांगितलं.

"तवा तुमी चला," काकी म्हणाली. "तुमच्याच हातानं काडा. खिळं नीट निगालं तर हितंच ह्या मानसांम्होरं येऊन सांगीन, नालबंदाची चूक न्हवती म्हणून."

"आन् न्हाई निगालं तर?" रांगेच्या शेवटी बसलेल्या एका म्हाताऱ्या गाडीवानानं विचारलं.

"तवा काय बोलायचं ते त्यांचं त्यांनी ठरवावं."

आता कुणी हसलं नाही. नालबंदानं खाली पाडलेल्या बैलाकडं पाहिलं. "एवढी पत्री मारतो आन् येतो," तो म्हणाला. राहिलेले खिळे त्यानं सावकाश मारले, बैलाचे पाय सोडले, तो नीट उभा राहतो का पाहिलं. घाई केली नाही. मला त्याचा राग होता, पण तेवढं मला आवडलं.

आम्ही तिघं त्याच्या मोटरसायकलवरून निघालो. पुढं तो, मध्ये मी, मागं काकी, आणि काकीच्या मांडीवर हत्यारांची पिशवी. खड्डा आला की पिशवीतली हातोडी माझ्या पाठीला लागायची.

घोडीजवळ गेल्यावर त्यानं आधी खुरावर तळहात ठेवला. खिळ्याला हात लावायच्या आधीच तो हळू म्हणाला, "गरम हाय." मग पाय गुडघ्यांत धरून खिळ्यांची वळवलेली टोकं सरळ केली आणि एकेक खिळा पकडीनं ओढून काढायला लागला. प्रत्येक खिळा तो तळहातावर पुसून पाहत होता. सगळे कोरडे निघत होते. कोरडा म्हणजे जिवंत भागात न गेलेला. आतल्या बाजूचा शेवटचा खिळा ओढला तसा घोडीनं पाय झटकला, आणि खिळ्यामागून काळपट पाणी आलं. घोडीनं मोठा श्वास सोडला.

चुलत्यानं तोंड उघडलं. काकीनं त्याच्याकडं नुसतं पाहिलं, आणि त्यानं ते मिटलं.

"ह्यो माजाच हाय," नालबंद खिळ्याकडं बघत म्हणाला. "बैलावर हात बसलाय. घोड्याचा खूर ध्यानात ऱ्हायला न्हाई." मग त्यानं मिठाचं कढत पाणी मागितलं. दिवस कलेपर्यंत तो घोडीचा पाय शेकत बसला. रांगेतल्या गाडीवानाचा दोनदा फोन आला. "दुसऱ्याकडं जावा आजच्याला," एवढंच त्यानं सांगितलं.

काकीनं भरपाई मागितली नाही. माफी मागायलाही लावलं नाही. डॉक्टर पुन्हा येऊन बघून गेले, तेव्हा तिनं एकच विचारलं, घोडी लादण्याजोगी होईल का. होईल, पण वेळ लागेल, असं ते म्हणाले. बिऱ्हाड थांबू शकत नव्हतं. काकीचं ओझं बाकीच्या घोड्यांवर वाटून दिलं. नालबंद स्वतः टेम्पो घेऊन आला आणि घोडी त्याच्या शेडामागच्या सावलीत नेऊन बांधली. काकी त्याच्या बायकोजवळ राहिली.

मध्ये हॉस्टेलवर पाण्याची तक्रार करायची वेळ आली. लिहायचं काम माझ्याकडं आलं. नळ आम्हीच उघडे ठेवतो, हे मी पहिल्या ओळीत लिहिलं. मुली माझ्यावर वैतागल्या. ती ओळ काही मी खोडली नाही, पण काकीसारखं हशा संपेपर्यंत शांत उभं राहणं मला अजून जमत नाही.

पुढच्या एका रविवारी मी पलूसकडं गेले. काकी रांगेपाशी एका बैलाची वेसण धरून उभी होती, जणू तिथलीच. तो म्हातारा गाडीवान पुन्हा आला होता. त्यानं मला ओळखलं.

"तुज्या चुलतीला काय सांगायची येळच आली न्हाई," तो म्हणाला. "नालबंदच म्हणला आमाला दुसऱ्या दिशी. खिळा माजा हुता म्हणून. घोडं आणलं तर ईचार करून आणा, म्हणला."

घोडी पाय टेकायला लागली होती. पण सिमेंटच्या रस्त्यावर नालेवाचून तिचा निभाव नव्हता. नालबंद म्हणाला, "ताई, मिरजेकडं घोड्याचा चांगला मानूस हाय. त्येच्याकडनं मारून घ्या."

"ह्यो खूर तुमच्याइतका कुणी बगितलाय?" काकीनं विचारलं.

नालबंद खूर घासायची कानस घेऊन खाली बसला. एक खिळा मारला की तो पाय खाली ठेवायचा आणि घोडी त्यावर भार देते का ते बघत थांबायचा. मग पुढचा खिळा. काकी घोडीच्या तोंडाजवळ उभी होती आणि, दुखलं तर कान मागं पडतात म्हणून, तिच्या कानांकडं बघत होती. आतल्या बाजूच्या शेवटच्या खिळ्याला नालबंदानं वर पाहिलं. काकीनं मान हलवली, तेव्हा त्यानं हातोडी उचलली.

दोन दिवस घोडी तशीच उभी ठेवली. चुलत्याचा फोन यायचा, "कवा येतीयास?" आणि काकीचं उत्तर ठरलेलं, "नालबंद म्हणतील तवा." मीही कॉलेज बुडवून तिथंच राहिले. तिसऱ्या दिवशी त्यानं चारही पाय उचलून पाहिले आणि म्हणाला, "जावा. पर आज निम्मंच लादा."

काकीनं निम्मंच लादलं. तसं लादण्यासारखं फार नव्हतंच तिच्याकडं. मी तिच्याबरोबर चौकापर्यंत चालत गेले. पुढं ती पश्चिमेला वळणार होती आणि मला सांगलीची गाडी धरायची होती. सिमेंटवर नाला वाजत होत्या. मी मान खाली घालून चारही पायांचा आवाज ऐकत होते. डाव्याचा वेगळा येत नव्हता.