ते पुस्तकात होतं

ही गोष्ट माझ्या तोंडून आजवर बाहेर पडलेली नाही. नवऱ्याला सांगितली नाही, मैत्रिणीला नाही. विहारात डोळे मिटून बसते तेव्हा स्वतःलासुद्धा ती मी धड सांगू शकलेले नाही — तिथंही मन लगेच पळतं, संध्याकाळी भाजी काय करायची, गॅस बंद केला होता ना, असलं काहीतरी. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. पण तुम्ही मनात म्हणतच असाल — ही बाई आता तरी खरं बोलतेय कशावरून? म्हणा. संशय घ्या खुशाल. मी जन्मभर दुसऱ्यांवर तोच घेत आले.

माझं माहेर बेलापूरचं आणि सासर श्रीरामपूरचं, म्हणजे रिक्षानं जाऊन यावं इतकंच अंतर. लग्नानंतर मी दर रविवारी माहेरी जाते ती आईच्या हातचं खायला, असं सासरी सगळ्यांना वाटतं. खरं कारण म्हणजे आमच्या घरची रविवारची बैठक. आबा — माझे वडील — प्राथमिक शाळेत शिक्षक होते. त्यांचे वडील दुसऱ्यांच्या शेतात राबले, दीक्षा घेतल्यावर रात्रशाळेत जाऊन अक्षर ओळखायला लागले, आणि त्यांनी घरात पहिलं पुस्तक आणलं. भांडीकुंडी नंतर आली, पुस्तक आधी. म्हणून आमच्याकडे पाहुणा आला, की पाण्याचा तांब्या देतानाच विचारतात, 'सध्या काय वाचताय?' पुष्कळ पाहुणे नंतर यायचे बंद झाले, ते सोडा.

बैठकीत चहा झाला की प्रत्येकानं सांगायचं, सध्या काय चाललंय. आईला खुनाच्या कादंबऱ्या लागतात. इतकी मऊ बाई, पण पहिल्या प्रकरणात प्रेत पडलं नाही तर पुस्तक मिटून ठेवते. धाकटा भाऊ प्रशांत मधमाश्या, विहिरी, ट्रॅक्टरची इंजिनं असलं काहीबाही वाचतो. आबा प्रवासवर्णनं वाचायचे, स्वतः पुण्याच्या पुढं कधी गेले नाहीत तरी. आणि मी? मी म्हणजे घरातली खरी वाचणारी. जाड कादंबऱ्या, गंभीर, अवघड. वाचनालयाचं कार्ड माझ्या नावावर, सगळ्यांची पुस्तकं मी आणायची आणि मीच परत करायची.

बैठकीचा नियम एकच होता, पण आबांचा होता, म्हणजे कडक होता. पुस्तकात आहे तेवढंच सांगायचं, पदरचं घालायचं नाही. कुणी सांगताना रंगात आलं, की ज्यानं ते पुस्तक आधी वाचलेलं असेल त्यानं सांगायचं, हे आत आहे की नाही. तो म्हणेल ते खरं. 'पदरचं घालतो' हा आमच्या घरात शिवीसारखा शब्द होता. प्रशांतला लहानपणी त्याच्यावरून जेवढा ओरडा बसला तेवढा नापास होऊनही बसला नाही.

आता ऐका. मी वाचत नव्हते.

एकदम नाही थांबलं. पतसंस्थेतली नोकरी, मुलाची शाळा, हातातला मोबाईल — पण नको, ही कारणं झाली, आणि कारणं सगळ्यांनाच असतात. आधी दहा पानं वाचून सोडू लागले, मग मलपृष्ठ वाचून. मोबाईलवर लोक पुस्तकांबद्दल बोलतात ना, ते मी पोळ्या लाटता लाटता ऐकायची आणि रविवारी माझं म्हणून सांगायची. कुणी पकडलं नाही. कोण पकडणार? माझी पुस्तकं दुसरं कुणी उघडतच नव्हतं. पण तेव्हापासून मला सगळेच चोर वाटायला लागले. आई म्हणाली खुनी सापडला, की मी बघायची खूण कुठल्या पानात आहे. प्रशांत आठवडाभर त्याच प्रकरणात असला, की मनात म्हणायची, बरोबर, हाही. आबांनी मान डोलावली तरी वाटायचं — हे ओळखून आहेत. बैठकीत मी चहा गार होईस्तोवर कप हातात धरून एकेकाचे डोळे न्याहाळत बसायची.

आणि त्यात सविता आली.

सविता म्हणजे प्रशांतची बायको. पाथर्डीकडची. आई-बाप दरवर्षी ऊसतोडीला जाणारे, त्यामुळे तिची शाळा दिवाळीपर्यंत गावात आणि पुढं साखर कारखान्यावर कोपीशेजारी, म्हणजे पाचटाच्या झोपडीशेजारी, बसून, झाली तर झाली. वाचायची, पण ओळीखाली बोट ठेवून, ओठ हलवत. बैठकीला पहिली दोन वर्षं ती फक्त बसायची. आबांनी विचारलं की म्हणायची, 'माझं न्हाई आबा अजून.' मग एका रविवारी मीच एका कादंबरीचं कौतुक केलं. एका कोरड्या गावाची गोष्ट, जुनं पुस्तक, चांगलं जाड. मी किती वाचलं होतं सांगू? सुरुवातीची थोडी पानं आणि शेवटचं एक. सविता हळूच म्हणाली, 'ताई, मी नेऊ का ते?' मी दिलं. मनात हसले असेन. दिलं ते ती वाचणार नाही या खात्रीनंच.

तिनं वाचलं. कितीतरी रविवार तिचं तेच चाललं होतं. मी दर वेळी कार्डावर मुदत वाढवून आणायची आणि दर वेळी थोडी चिडायची. शेवटी वाचनालयानं परत मागितलं, तेव्हा प्रशांतनं ते शनिवारी माझ्या घरी आणून टाकलं. आणि रविवारी सविता म्हणाली, 'आबा, आज मी सांगते.'

तिनं एक प्रसंग सांगितला. गावातली सगळी माणसं कामाला लांब गेलीत, दारांना कुलपं लावून. मागे एकच म्हातारी. ती रोज सकाळी उठून सगळ्या बंद घरांची अंगणं झाडते. झाडता झाडता प्रत्येक दारासमोर उभी राहून त्या त्या घरच्या बाईला नाव घेऊन शिव्या देते — 'आगं भवाने, गेलीस ती गेलीस, जाताना कडब्याचा पाचुंदा तरी उचलायचा अंगणातला!' सविता उभी राहून सांगत होती. कमरेत वाकून, हातात नसलेला झाडू फिरवत. आई हसता हसता डोळे पुसायला लागली. आबांनी चष्मा काढून हातात घेतला. प्रशांत तर आपल्या बायकोकडे असा बघत होता, जणू ती आजच घरात आली.

माझ्याकडे कुणी बघत नव्हतं. तुम्हाला कळतंय ना, काय झालं असेल माझं? बोटानं वाचणारी बाई असं सांगू शकते? हे पुस्तकातलं नाही, हे हिच्या गावचं आहे, हिच्या आजीचं आहे, ही आम्हाला सरळ बनवतेय — इतकं स्पष्ट वाटलं मला. आणि त्याखाली आणखी एक होतं, तेही सांगते: मला तिचा मत्सर वाटला. चांगला कडकडीत.

मी म्हटलं, 'असं काही नाहीये त्यात.'

सविता अजून वाकलेलीच होती. 'हाय ताई,' ती म्हणाली, 'हाय त्यात. मधीच हाय.' मी म्हटलं, 'मी वाचलंय ना ते. हे तुमच्या पाथर्डीचं झालं, पुस्तकातलं नाही.' हे वाक्य मी हसत म्हटलं होतं. चेष्टेत म्हणतो तसं. आबांनी चष्मा परत लावला आणि अगदी मायेनं म्हणाले, 'सविता बाळा, पदरचं घालू नये. ताईनं वाचलंय ते.' ती म्हणाली, 'न्हाई वो आबा, मी...' आणि खाली बसली. आबांना मात्र चुटपुट लागली असावी. मला म्हणाले, 'पुस्तक तुझ्याकडंच आहे ना? एकदा बघ, आणि पुढच्या रविवारी सांग.'

इथपर्यंतचं मी एखाद्या वेळी स्वतःला माफ केलं असतं. तोंडातून गेलं, मत्सरानं गेलं. पण माझा गुन्हा हा नाही.

सोमवारी मी रजा टाकली. घर रिकामं झाल्यावर ओट्यापाशी उभ्यानंच पुस्तक उघडलं, ती म्हातारी त्यात नाहीच हे पक्कं करायला. दूध उतू गेलं तरी माझं वाचन चालूच. म्हातारी होती. मधोमध होती, सविता म्हणाली तिथंच. झाडू होता, कुलपं होती, शिव्या होत्या, पाचुंदा होता. मी सविताचं एकेक वाक्य आठवून ताडून बघत होते, कुठंतरी एक शब्द जास्तीचा सापडेल म्हणून. नाही सापडला. उलट तिनंच थोडं सोडलं होतं — एका दारासमोर म्हातारी शिव्या न देता गप्प उभी राहते, कारण त्या घरातलं कुणी आता परत येणार नसतं. ते सविताला सांगवलं नसेल. मी दुपारपर्यंत अख्खी कादंबरी वाचून काढली. कितीतरी वर्षांनी माझं पूर्ण वाचून झालेलं ते पहिलं पुस्तक. आणि रडले. चांगलं पुस्तक होतं हो.

पुढच्या रविवारी आबांनी विचारलं. सविता दाराशी वाटाणे सोलत होती, हात थांबला तिचा. मी काय म्हणायला हवं होतं? 'आहे, माझ्या लक्षात नव्हतं' — एवढंच. कुणी फासावर दिलं नसतं. पण मला वाटलं, आबा विचारतील, एवढा प्रसंग लक्षात नाही? मग त्याच्या मागचं विचारतील, आणि त्याच्या मागचं. वर्षानुवर्षांचं सगळं उसवत जाईल.

मी म्हटलं, 'पाहिलं आबा. सगळं पाहिलं. नाही त्यात.'

हा माझा गुन्हा. हे मी पुस्तक वाचून, जाणूनबुजून म्हटलं.

आबांनी नुसतं 'बरं' म्हटलं आणि आईला तिच्या खुनाचं विचारलं. नंतर स्वयंपाकघरात सविता माझ्याजवळ आली. 'ताई, यकदा आणता का परत ते? मी पान काढून दावते तुमाला. माझीच चूक असंल, पर मला बघायचंय.' तेव्हाही संधी होती. मी सांगितलं, ते दुसऱ्या कुणी नेलं. मग पुन्हा विचारलं तेव्हा, वाचनालयातून गहाळ झालं. दुकानात मिळत नाही, जुनं आहे, हेही पुरवून ठेवलं, म्हणजे प्रशांतनं शोधायला नको. खरं तर वाचनालयात मीच ते हरवलं म्हणून सांगितलं आणि बदल्यात दुसरं पुस्तक दिलं. ते माझ्या कपाटात साड्यांखाली आहे, आज या क्षणीही.

त्यानंतर सवितानं बैठकीत कधी काही सांगितलं नाही. बसते, काही निवडत, काही शिवत. विचारलं की, 'माझं न्हाई झालं वाचून.' हळूहळू वाचायचीही थांबली, की लपून वाचायला लागली, कुणास ठाऊक. मी मात्र तिच्यावर नजर ठेवून राहिले. तिनं चहात साखर कमी घातली की वाटायचं, हिला कळलंय. जास्त घातली तरी तेच वाटायचं. प्रशांतशी कुजबुजली की माझं नाव निघालं असं वाटायचं. एकदा तिनं माझी साडीची पिशवी उचलून आत नेऊन ठेवली, तर मी मागोमाग जाऊन पिशवी तपासून आले. गुन्हा माझा आणि पहारा तिच्यावर. आबा गेले तेही सून पदरचं घालते असं मनात धरूनच गेले. सुनेवर जीव होता त्यांचा, पण तिच्या शब्दावर विश्वास नव्हता, आणि तो मी काढून घेतला होता.

आता बैठक आई चालवते. गेल्या महिन्यात सविताच्या मुलीनं, चौथीत आहे ती, भुताचं एक पुस्तक वाचलं होतं. डोळे मोठे करून, उभी राहून, हात फिरवून सांगत होती. मी बघत होते, हे हात मी पाहिलेत. तिचं झाल्यावर आईनं सहज विचारलं, 'सविता, तुझं काय गं?' तर पोरगीच म्हणाली, 'आज्जी, आईला नको विचारू. ती मनचं सांगते.' सगळे हसले. सविताही हसली. पोरीच्या डोक्यावर टपली मारून म्हणाली, 'व्हय गं बाई, मी मनचं सांगते.'

मी उठून आत गेले. ती मागोमाग कप घेऊन आली. कप विसळता विसळता, माझ्याकडे न बघता म्हणाली, 'ताई, मी तुमाला कधी बोलले न्हाई. ती म्हातारी आठवती का? मला अजून ती छापलेली दिसती बघा, डाव्या पानावर, खालच्या अंगाला. लई दिवस मला तुमचा राग हुता. पर आता कळतंय, माणसाच्या डोक्याचं काय खरं न्हाई. आमच्याच गावचं कायतरी आयकलेलं आसंल ल्हानपणी, आन मी पुस्तकात घातलं. तुमी तवाच सांगितलं ते बरं केलं. न्हायतर पोरीलाबी मी आसंच कायबाय खरं म्हणून शिकवलं आसतं.'

डाव्या पानावर, खालच्या अंगाला. तिथंच आहे.

मी म्हटलं, 'असू दे गं, होतं असं.' आणि तिच्या हातातला कप घेऊन पुसायला लागले.