आपोआप बंद होणारा पंखा

सोलापुरात मे महिन्यात दोन ठिकाणी हात लावू नये: पत्र्याच्या छपराला आणि माझ्या मेहुण्याला. छप्पर निदान रात्री तरी निवतं. ही गोष्ट तो मेहुणा होण्याआधीची. सत्तरच्या दशकात डिप्लोमा करताना आम्ही एका खोलीत राहायचो. त्याचं गाव कर्नाटकाच्या सीमेवरचं मैंदर्गी. त्यामुळे निर्जीव वस्तूंवर तो कानडीत खेकसायचा, सजीवांवर मराठीत, आणि माझ्यावर दोन्ही भाषांत. नवी पेठेतल्या रेडिओवाल्यानं "थर्मिस्टर कशाला पाहिजे?" असं साधं विचारलं, तर म्हणाला, "डोकं गार ठेवायला. तुमचं!"

थर्मिस्टर म्हणजे उष्णता ओळखणारा मसुराएवढा मणी. तो तापला की पंखा आपोआप सुरू, निवला की आपोआप बंद, असा आमचा प्रोजेक्ट. डोकं सगळं त्याचं. सोल्डरिंगचा डाग देताना वायर धरून बोटं भाजून घेणं, हे माझं संशोधन. थंडीत यंत्र झकास चाललं. परीक्षा आली मे महिन्यात. पंखा सुरू झाला तो थांबेचना. थांबणार कसा? आधी सोलापूर निवायला पाहिजे ना!

बाहेरगावचे परीक्षक गळ्याचं बटण सोडून पंख्यासमोर बसले. "फिरतो छान. पण साधा पंखाही फिरतोच की. बंद होतो का?"

नापास झाला असता तर वडील त्याला शेतावर परत नेणार होते. मी घाबरून कुजबुजलो, "पायानं हळूच पिन काढू का?"

"ए येड्या!" तो परीक्षकांसमोरच कडाडला. "पिन काढून तर आमची आजीबी बंद करती! आपोआप म्हंजे काय, कळतंय का तुला?" आणि तरातरा बाहेर गेला. मला वाटलं, गेला मैंदर्गीला. तो व्हरांड्यातला माठ कवटाळून आला, टेबलावर आदळला आणि मणी माठाच्या ओल्या पोटाला चिकटवला.

पंखा मंदावला. थांबला. परीक्षकांना दरदरून घाम फुटला.

"बरं, बरं. लावा आता."

"मी न्हाय लावायचा, सर. त्यो आपला आपण लागतोय. माठ सरकवा की!"

परीक्षकांनी स्वतः उठून माठ सरकवला. मणी तापेपर्यंत ते रुमालानं वारा घेत उभे राहिले. मग पंखा फिरला. "पास," ते त्या वाऱ्यात डोळे मिटून म्हणाले.

पुढं त्याच्या बहिणीशी माझं लग्न झालं. ते जमवतानाही तो माझ्यावर खेकसतच होता. गेल्या वर्षी त्याच्या छातीत दुखलं आणि डॉक्टरांनी मिठाबरोबर रागही बंद केला. परवा भर दुपारी त्याच्याकडे गेलो, तर वीज गेलेली. मुद्दाम डिवचलं, "तुझा पंखा बंद पडला रे. आपोआप!"

तो नुसता हसला. माठातलं पाणी माझ्यापुढं धरून म्हणाला, "असू द्या, दाजी. घ्या, गार हाय."

मी पाणी प्यालो. बाहेर ऊन पेटलं होतं. एकदा तरी 'ए येड्या' म्हणेल म्हणून मी दिवेलागणीपर्यंत बसून राहिलो.