नऊ ते पाच स्वस्त

सड्यावरच्या गवतातून चालत गेलं की पँटीला कुसळं चिकटतात. घरी येऊन बघावं तेव्हा कळतं, किती आणि कुठे कुठे. माझ्याकडचे किस्से असेच जमले. मी ते गोळा करायला कधीच गेलो नव्हतो.

मी आचऱ्याचा. नोकरी मीटर रीडिंगची, आता रिटायर. दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे विजेचे नवीन मीटर आले. जुन्या मीटरला चोवीस तास एकच दर. नवीन मीटरला सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच वीज स्वस्त, आणि दिवेलागणीला महाग. तेव्हा सक्ती नव्हती, ज्याने त्याने ठरवायचं होतं. पण ठरवायचं कसं? मग लोक माझ्याकडे. "दामूभाऊ, नवीन घेवया काय जुनोच बरो?"

मी वही घेऊन घरोघर जायचो आणि एकच विचारायचो, की तुमच्याकडे काय काय कुठल्या वेळी चालतं? साधा प्रश्न. पण तो विचारला की माणसं विजेचं कमी आणि घरचंच जास्त सांगतात.

* * *

पहिलं गिऱ्हाईक गोविंदमामा. वय ऐंशीच्या पुढे, एकटे राहतात, स्वभावाने कडक. त्यांना मी अर्धा तास सगळं समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं, मान हलवली आणि नवीन मीटर बसवून घेतला.

आठवड्याने भर दुपारी त्यांच्या दारावरून जात होतो. बाहेर डोळे दिपतील असं ऊन, आणि पडवीत ट्यूबलाइट चालू, आत दोन बल्ब चालू. वाटलं, वयाप्रमाणे विसरले असतील. हाक मारून म्हटलं, मामा, दिवे तसेच राहिलेत.

"रवले नाय, लावलंय," मामा पेपरातून मान वर न काढता म्हणाले. "आता स्वस्त आसत."

मग संध्याकाळी काय करता, असं मी विचारलं.

"संध्याकाळी तुझ्याकडे येतलंय. तुझो मीटर जुनो आसा मां?"

मला वाटलं, चेष्टा करतायत. त्या दिवशी बरोबर सात वाजता मामा पेपर घेऊन आमच्या पडवीत हजर! तेव्हापासून रोज येतात. चहा आमचा, उजेड आमचा, आणि पेपरातल्या बातम्या मोठ्याने वाचून दाखवायचं काम त्यांचं. आता एखाद्या दिवशी उशीर झाला तर आमची मंडळी दारात जाऊन बघते.

* * *

शेवंतीचा किनाऱ्यालगत होमस्टे आहे. दोन खोल्या, दोन्हीत एसी. पाहुणे दिवसभर बोटीवर नाहीतर किल्ल्यावर, आणि एसी लावणार संध्याकाळी परत आल्यावर. मी तिला स्पष्ट सांगितलं होतं, तुला जुनाच बरा. पण 'स्वस्त' हा शब्द तिच्या कानात बसला होता. तिने नवीन मीटर घेतला आणि खोल्यांत पाटी लावली, 'एसी सकाळी ९ ते सायं. ५'.

पुढच्या शनिवारी पुण्याचं एक जोडपं आलं. सकाळी न्याहारी करून दोघं खोलीत गेली ती बाहेरच येईनात. बोटवाला दोनदा येऊन हाका मारून गेला. शेवटी शेवंतीने दार वाजवलं. म्हणाली, अहो, एवढ्या लांबून आलात, समुद्र नाही का बघायचा?

आतून तो गृहस्थ अगदी शांतपणे म्हणाला, "ताई, समुद्र काय, पाचनंतरही असतो."

पाटी दुसऱ्या दिवशी उतरली.

* * *

अख्ख्या वाडीला सल्ले दिल्यावर घरचंही बघावं म्हणून मी एका रविवारी आमचा हिशोब मांडला. पंप, इस्त्री, वॉशिंग मशीन, सगळं दुपारी नेता येत होतं. वहीचं पान मंडळीसमोर ठेवलं आणि म्हटलं, नवीन मीटर घेऊया. फक्त आमटीचं ओल्या खोबऱ्याचं वाटप तेवढं सकाळी मिक्सरला वाटून ठेवायचं.

आमच्याकडे रापणीचे, म्हणजे किनाऱ्यावर ओढलेल्या जाळ्यातले मासे संध्याकाळी येतात. काय येईल ते आधी कोणालाच ठाऊक नसतं. बांगडा असेल तर वाटप वेगळं, पेडवे असतील तर वेगळं. ती मासे हातात घेते, एकदा बघते आणि मग खोबरं मिक्सरला लावते. लग्न झाल्यापासून हे असंच चाललंय.

तिने पान वाचलं. माझं अक्षर चांगलं आहे म्हणाली. मग पान परत देत विचारलं, "मासे नऊ ते पाच येतत?"

आमचा मीटर अजून जुनाच आहे.

* * *

इंदूकाकीचा मुलगा सुहास मुंबईला असतो. नवीन मीटर त्यानेच आईला घ्यायला लावला, कारण त्यात तासातासाचा वापर मोबाइलवर दिसतो. एकदा त्याने फोन करून विचारलं, आई, दुपारी पंखा का लावत नाहीस? काकी हादरलीच. माझ्याकडे आली आणि म्हणाली, भाऊ, ह्या पेटीत कॅमेरा आहे काय? मी समजावलं, की कॅमेरा नाही, फक्त आकडे जातात. सकाळी साडेसहाला तुझा गिझर लागला की त्याला तिकडे कळतं, आई उठली.



पुढे महिन्याभराने तिच्याकडे गेलो तर सकाळी आठ वाजता ही मागच्या दारी चुलीवर पाणी तापवत बसलेली. मला वाटलं गिझर बिघडला. बघू का, म्हणून विचारलं.

"बरो आसा तो," काकी हसून म्हणाली. "आज झिलाचो फोन येवक होयो."

नऊच्या आत सुहासचा फोन वाजला.

* * *

आणि हा किस्सा सुलभा आणि मंगल यांचा. दोघी सख्ख्या जावा, शेजारी शेजारी घरं, मध्ये एकच विहीर. चार वर्षांपूर्वी एका लग्नात पंगतीला कोणी कोणाला आधी बोलावलं नाही यावरून बिनसलं, आणि बोलणं बंद झालं. विहिरीवरचा पंप थोरल्या सुलभाच्या मीटरवर. सुलभा सकाळी सहाला पाणी भरायची, मंगल संध्याकाळी सहाला. एकमेकींचं तोंड दिसू नये म्हणूनच ही वेळ पाडलेली होती.

सुलभाने नवीन मीटर घेतला. मी हिशोब करून सांगितलं, पंप दिवसातून एकदाच लावा, सकाळी अकराला, दोघींनी तेव्हाच भरून घ्या. सुलभा म्हणाली, तिला तुम्हीच सांगा. मी पलीकडे जाऊन सांगितलं. मंगल म्हणाली, बरं म्हणून तिला तुम्हीच सांगा.

पहिले पंधरा दिवस दोघी पाठ करून उभ्या राहायच्या. एक दिवस मंगलच्या पिंपातून पाइप निसटला आणि सुलभा नखशिखांत भिजली. चार वर्षांत दोघी पहिल्यांदा एकमेकींशी भांडल्या. दुसऱ्या दिवशी उरलेलं भांडण पुरं केलं. त्यानंतर केव्हातरी मी जाताना बघितलं, तर पिंपं कधीच भरून वाहत होती आणि दोघी विहिरीच्या कठड्यावर बसून आमसुलं निवडत होत्या.

मंगलचा नवरा जहाजावर असतो. तो सुट्टीवर आला, त्याला यातलं काही ठाऊक नव्हतं. बायकोला दुसऱ्याच्या वेळेवर थांबायला लागू नये म्हणून त्याने हौसेने नवा पंप आणला, स्वतःच्या मीटरवर जोडला आणि तो परत गेला.

दोन महिन्यांनी त्याचा मला फोन आला. म्हणाला, भाऊ, मी निघालो त्या दिवसापासून पंप बंद आहे असं मंगल म्हणते, जरा बघून याल?

मी गेलो. मंगल घरातच होती. मी बटण दाबलं. पंप एका झटक्यात सुरू झाला आणि पाण्याची धार अशी आली, की माझी चप्पल वाहून चालली.

मंगलने पुढे येऊन बटण बंद केलं. चप्पल उचलून माझ्या पायाशी ठेवली.

"भाऊ," ती म्हणाली, "तेंका सांगा, ह्याचो पार्ट हयसर मिळणा नाय."

आणि कळशी घेऊन ती विहिरीकडे गेली. अकराला पाच कमी होते.