शेवटची फ्लॉपी आधी घाला

त्या बाई ठाण्यात आल्या तो दिवस मी विसरलेलो नाही, विसरणारही नाही. नाशिकमधलं माझं ते शेवटचं पोस्टिंग. बाई मूळच्या सटाण्याच्या, निवृत्त शिक्षिका. त्यांनी टेबलावर जुन्या फ्लॉप्यांचा डबा ठेवला आणि म्हणाल्या, "यातली एक चोरीला गेलीय. गुन्हा नोंदवा."

ठाणे अंमलदार हसला. मी त्याला बाहेर पाठवलं आणि बाईंना बसायला सांगितलं.

बाईंनी बागलाणातली खेडी पालथी घालून बायकांची अहिराणी गाणी जमवली होती. त्यांच्याच एका विद्यार्थ्याने ती टाइप करून फ्लॉप्यांवर ठेवली. मूळ वह्या पुढे वाळवीने खाल्ल्या. तो विद्यार्थी आता प्राध्यापक होता आणि तीच गाणी स्वतःच्या नावाने छापत होता. प्रकाशनाच्या पत्रिकाही वाटून झाल्या होत्या. मध्यंतरी तो बाईंना भेटायला आला, तेव्हा हा डबा बराच वेळ मांडीवर घेऊन बसला होता.

"तो मना विद्यार्थी शे, साहेब," रागात बाईंच्या तोंडून अहिराणीच आली. मग सावरून म्हणाल्या, "मागितलं असतं तर दिलं असतं."

मी गुन्हा दाखल केला. संध्याकाळी वरिष्ठांचा फोन. "अहो, एका फ्लॉपीसाठी एफआयआर? किंमत काय तिची? आणि ते सर प्रतिष्ठित गृहस्थ आहेत."

"साहेब, चोरी व्हायला मालाला मालक लागतो. तो माझ्यासमोर बसून गेलाय," मी म्हणालो. बदलीची भीती घालायला माझ्या निवृत्तीला वेळच उरला नव्हता.

खबर दिली ती जुने कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या ओळखीच्या माणसाने. बाई फ्लॉप्या उघडायला त्याच्याकडेच गेल्या होत्या. तो म्हणाला, "साहेब, त्याआधी एक सर येऊन विचारून गेले, बाई इकडे आल्या होत्या का म्हणून." त्यानेच मला तो प्रोग्रॅम दाखवला. काळा पडदा, माऊस नाही, आज्ञा टाइप करायची. तो सगळ्या फायली दाबून एकामागून एक फ्लॉप्यांवर बसवायचा आणि कोणती फाइल कुठे आहे ते शेवटच्या फ्लॉपीवर लिहायचा. परत काढताना म्हणूनच तीच आधी मागायचा. बाईंच्या डब्यात नेमकी तीच नव्हती.

प्राध्यापकांना चौकशीला बोलावलं. एक फ्लॉपी गेली, एवढंच सांगितलं. कोणती, ते नाही. चहा मागवला. शिकलेल्या माणसावर ओरडू नये, त्याला शिकवायची संधी द्यावी, हा माझा अनुभव.

"सर, एकच तर गेलीय. बाकीच्यांतून बरीचशी गाणी निघतील की," मी म्हणालो.

सर हसले. "नाही हो. शेवटची नसेल तर तो प्रोग्रॅम पुढेच जात नाही."

"शेवटची गेली, हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

सरांचा चहा तसाच निवला.

त्यांच्या घरी, पुस्तकांच्या मागे, पंचांसमक्ष फ्लॉपी जप्त केली. नष्ट का केली नाहीत, विचारलं. "वर बाईंचं अक्षर आहे. हात धजला नाही," ते खाली मान घालून म्हणाले. मला त्यांची कीव आली नाही. ज्या अक्षराची लाज वाटली, ते ज्या हाताचं, त्याची वाटली नाही?

तज्ज्ञांनी आधी सगळ्या फ्लॉप्यांच्या प्रती काढल्या, मग संग्रह उघडला. गाणी आली, गाणाऱ्या बायकांची नावं आली आणि बाईंची प्रस्तावनाही. तिच्या शेवटी त्याच विद्यार्थ्याचं नाव घेऊन आभार मानले होते. प्रकाशन रद्द झालं.

नंतर दोन्ही बाजूंचे नातलग, हितचिंतक बाईंकडे खेपा घालू लागले. कोणी म्हणे केस मागे घ्या, कोणी म्हणे निदान प्रस्तावनेतलं त्याचं नाव तरी खोडा. मोठ्या माणसाने केलेली चोरी लोकांना गैरसमज वाटते, हे मी या प्रकरणात पुरतं पाहिलं. वरिष्ठांना मी नडलो याचं मला आजही बरं वाटतं, पण खऱ्या नडल्या त्या बाई.

बाईंचं पुस्तक निघालं तेव्हा त्या एक प्रत घेऊन घरी आल्या. मी प्रस्तावना उघडली. त्याचं नाव जागच्या जागी होतं.

"केस मागे घेतलीत की काय?" मी दचकून विचारलं.

"मुळीच नाही," बाई म्हणाल्या. "चोरी केली, त्याची शिक्षा होऊ दे. टाइप त्यानेच केलं होतं, ते नाव मी का चोरू?"