सायप्रसच्या मडक्यातली हळद

“हळद! अविनाश, हळद सापडलीय!” प्रोफेसर मॅक्ली प्रिंटआउट नाचवत लॅबमध्ये शिरले. सत्तरीला टेकलेला माणूस, पण चक्क उड्या मारत होता.

मी तेव्हा कॅनडातल्या हॅमिल्टनच्या एका युनिव्हर्सिटीत केमिस्ट होतो. सायप्रस बेटावरच्या उत्खननातून आमच्याकडे कांस्ययुगातल्या मडक्यांची खापरं यायची. मातीत बारीक छिद्रं असतात, त्यात शिजवलेलं तेल, चरबी, मसाला मुरून बसतो. तो सॉल्व्हंटने काढायचा आणि मशीनला विचारायचं, बाबा रे, यात काय शिजलं होतं? याला रेसिड्यू ॲनालिसिस म्हणतात. उत्तर बहुतेक वेळा ऑलिव्ह ऑइल.

या वेळी हळद. म्हणजे कांस्ययुगात भारतातून सायप्रसला मसाला जात होता! पुढच्याच आठवड्यात मॉन्ट्रियलच्या कॉन्फरन्समध्ये सर हे जाहीर करणार होते.

मला मात्र त्या हळदीचा वेगळाच संशय आला. कारण सर रोज दुपारी माझ्या डब्यातली बटाट्याची भाजी खायचे. तीही हाताने. “असंच खातात ना तुमच्याकडे?” म्हणत बोटं चाटायची, पेपर टॉवेलला पुसायची आणि तशीच खापरं चाचपायला बसायचं. ग्लोव्ह्ज घाला म्हटलं की उत्तर ठरलेलं, “माती हातालाच कळते.” जुन्या आर्किऑलॉजिस्टांची ही खोडच.

आता सांगणार कसं? माझं कॉन्ट्रॅक्ट त्याच महिन्यात संपत होतं आणि रिन्यूअलवर सही त्यांची.

“गप्प बसलात तर भर सभेत त्यांची अब्रू जाईल,” घरी माझी बायको सुलभा म्हणाली. “आणि ॲनालिसिसवर नाव तुमचंही आहे, विसरलात?”

झालं! म्हणजे बोललो तरी मेलो, नाही बोललो तरी मेलो.

शेवटी ब्लँक चालवायचं ठरवलं. ब्लँक म्हणजे ज्यात काहीही नाही हे आधीच ठाऊक असलेला नमुना. मातीची कोरी कुंडी आणली, फोडली, असलं नसलं जळून जावं म्हणून दोन तुकडे भट्टीत तापवून घेतले. एक फॉइलमध्ये गुंडाळून ठेवला. दुसरा जेवणानंतर सरांपुढे धरला.

“सर, हा जरा बघता?”

त्यांनी अंगठ्याने चोळला, डोळे मिटले. “सायप्रस. शंकाच नको. दक्षिण किनारा.”

अरे देवा! मी तुकडा उचलून थेट मशीनकडे नेला.

दुसऱ्या दिवशी दोन्ही रिपोर्ट त्यांच्या टेबलावर ठेवले. फॉइलमधला तुकडा स्वच्छ. त्यांनी चोळलेल्यात हळदच हळद.

“अरे वा! कोणत्या साइटचा हा?”

“गार्डन सेंटरचा, सर. तुमच्या हाताची हळद आहे ती.”

सर लालबुंद झाले. मग त्यांनी आपल्या बोटांकडे पाहिलं. नखं पिवळीधमक. मला खरंच वाईट वाटलं, म्हातारा इतका खूश होता हो.

“कोणाला दाखवलंस?”

“कोणालाच नाही.”

“हळद मी मागे घेतो. मॉन्ट्रियलला आपण कंटॅमिनेशनवर बोलू.” मग आवाज उतरला. “पण मी काय ओळखलं, ते सांगायलाच हवं का?”

“नमुना ब्लँक होता, एवढं पुरे, सर.”

त्याच दुपारी कॉन्ट्रॅक्ट सही होऊन आलं. मी एका वर्षाचं मागितलं होतं, मिळालं तीन वर्षांचं. प्रामाणिकपणे काम केलं की फळ मिळतं, असं लोक सांगतात. मिळत असेलही. मला ते सरांनी कुंडीचा दक्षिण किनारा ओळखल्यामुळे मिळालं.